नील बेटावर आठवडाभर निवांत: नाशिकहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

अंदमानला आम्ही दोनदा गेलो. पहिल्या वेळी पॅकेज घेतलं होतं: पाच रात्री, तीन बेटं, चार हॉटेलं. घरी येऊन फोटो बघायला बसलो तर कुठला किनारा कुठल्या बेटावरचा हे कुणालाच धड सांगता येईना. नील बेटाच्या वाट्याला त्यात एक रात्र आली होती. दुपारच्या बोटीने उतरलो, चहा घेतला, कपडे बदलले आणि लक्ष्मणपूरला सूर्यास्त बघायला सहा वाजता पोचलो. तोवर सूर्य मावळून अर्धा तास झाला होता. सकाळच्या बोटीने परत निघालो.

दुसऱ्या खेपेला सासूबाई बरोबर होत्या. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे. त्यांनी एकच अट घातली: "रोज बॅग भरायला लावायची नाही." त्या अटीपायी आम्ही नीलवर एकाच खोलीत पाच रात्री राहिलो, आणि तेव्हा कुठे ते बेट आम्हाला दिसलं. पुढचं सगळं त्या दुसऱ्या सहलीतून शिकलेलं आहे. आठ-नऊ दिवसांची रजा, बरोबर म्हातारं माणूस किंवा लहान मूल, आणि समुद्रापाशी नुसतं बसायची इच्छा असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

बेटाची तोंडओळख

नीलचं सरकारी नाव डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप आहे. तिकीट काढताना हेच नाव दिसेल, पण तिथले लोक नीलच म्हणतात. पोर्ट ब्लेअरचंही नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तेव्हा बुकिंग करताना दोन्ही जोड्या लक्षात ठेवा. पोर्ट ब्लेअरहून नील समुद्रमार्गे साधारण ३६ किलोमीटर. बेट इतकं लहान की सीबीएस ते नाशिकरोड हे अंतरसुद्धा त्याच्या लांबीपेक्षा जास्त भरेल. वस्ती २०११ च्या जनगणनेत तीन हजारांच्या आसपास होती.

गावांची नावं ऐकली की पंचवटीतल्या माणसाला परकं वाटायचं कारणच उरत नाही: रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर, आणि मधोमध बाजाराचं गाव नील केंद्र. सासूबाईंचं लहानपण सीतागुंफेजवळच्या वाड्यात गेलेलं. जेटीवरची पाटी वाचून त्या म्हणाल्या, "इथे भरतसुद्धा आलाय. आपल्याकडे तो नव्हता." पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६०च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं गेलं. त्यांनी शेती केली, आणि आजही पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी जाते. किनाऱ्याकडून आत वळलं की भाताची खाचरं, केळी, सुपारी, भेंडी-वांग्याचे वाफे लागतात. ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे आतलं नील समुद्राइतकंच आवडेल.

तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवा

हंगाम डिसेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडचा पाऊस व चक्रीवादळांचे दिवस. म्हणजे आपली दिवाळीची सुटी तिथे सगळ्यात बेभरवशाची. नाताळ ते एक जानेवारी गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चअखेर हा काळ मी सुचवेन.

द्राक्षबागायतदारांची अडचण मला माहीत आहे, कारण माझं माहेर निफाडकडचं. हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच बाग तोडणीला आलेली असते. पण शेवटचा खुडा झाल्यावर आणि खरड छाटणी सुरू व्हायच्या आधी आपण वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतो, तेवढी फट नेमकी मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला येते. त्या दिवसांत नीलला ऊन आणि दमट हवा जास्त लागते, पण समुद्र बहुधा शांत असतो. वेलीबरोबर घरच्यांनीही विश्रांती घ्यायला ती वेळ चांगली आहे.

आता तिथीचं. पॅकेजवाले याबद्दल काही सांगत नाहीत, आणि नीलवरचा तुमचा प्रत्येक दिवस तर यावरच ठरणार असतो. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि त्यांच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण असतं: भरती खूप चढते आणि ओहोटीला पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतरही एक-दोन दिवस टिकतो.

नीलला याचा अर्थ असा. लक्ष्मणपूरच्या बाजूची नैसर्गिक खडकाची कमान आणि तिच्या भोवतीची डबकी ओहोटीलाच दिसतात, आणि उधाणाच्या ओहोटीला सगळ्यात चांगली. उलट भरतपूरला प्रवाळ बघायचे तर त्यांच्यावर पुरेसं पाणी हवं. ऐन ओहोटीत तिथे बोटी आत नेता येत नाहीत आणि उतरलात तर पाय प्रवाळांवर पडतात. म्हणून दशमीच्या सुमारास पोचून पौर्णिमा किंवा अमावास्येला निघायचं ठरवलं तर दोन्ही साधतं. आम्ही माघातल्या दशमीला उतरलो आणि पौर्णिमेला निघालो. सुरुवातीचे दिवस पाण्यातले, शेवटचे खडकांवरचे.

एक सावधगिरी. तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला हिशेब तिथे लावू नका. प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी असते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी पोर्ट ब्लेअरसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक काढतो, आणि फोनवरही अशी कोष्टकं मिळतात. उजेडात ओहोटी कोणकोणत्या दिवशी पडते तेवढं वहीत लिहून घ्या. तिथे पोचल्यावर खोलीच्या मालकाला विचारून ताडून बघा. त्याचं उत्तर कोष्टकापेक्षा खरं धरा.

तिकिटं

सात रात्री धरा: जाताना एक पोर्ट ब्लेअरला, पाच नीलला, येताना एक परत पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र कुणी कितीही सांगितलं तरी कापू नका. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात आणि त्यावर कुणाचाच इलाज नसतो. सकाळी नीलहून निघून त्याच दुपारी विमान पकडायचा बेत आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने केला होता. बोट सुटली नाही, विमान गेलं, आणि पाच जणांची नवी तिकिटं काढावी लागली.

नाशिकहून मुंबई विमानतळ, आणि तिथून चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरुला विमान बदलून पोर्ट ब्लेअर, असा बहुतेकांचा मार्ग. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमण्याच्या पुढची ठाण्याची कोंडी तशीच आहे. पहाटेचं विमान असेल तर रात्री जेवून निघा आणि विमानतळावर बसून राहा. धावपळीपेक्षा खुर्चीतली डुलकी बरी. ज्येष्ठ मंडळी असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. सासूबाई आधी नको म्हणत होत्या, चेन्नईचं अंतर बघितल्यावर स्वतःच बसल्या.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी जहाजं स्वस्त, संथ, उघड्या डेकवर उभं राहता येतं. नीलला साधारण दोन तास घेतात. खासगी बोटी वातानुकूलित, महाग, तास-दीड तासात पोचवतात, पण आत बसूनच राहावं लागतं. दोन्हींचं आरक्षण ऑनलाइन होतं, दोन्हींना ओळखपत्र लागतं. बोटी सकाळी आणि दुपारी सुटतात, अंधार पडल्यावर नाही. विमान दुपारी उतरलं की त्याच दिवशी नील गाठायची घाई करू नका. भारतीयांना पोर्ट ब्लेअर, शेजारचं हॅवलॉक बेट आणि नीलसाठी वेगळी परवानगी लागत नाही, आधार कार्ड पुरतं.

बोट लागणाऱ्यांनी आदल्या रात्री हलकं जेवावं आणि सकाळी रिकाम्या पोटी निघू नये. दोन इडल्या किंवा केळं खाऊन निघा. बसायला बोटीचा मधला भाग घ्या, टोकाला हेलकावे जास्त. नजर फोनवर नको, लांब क्षितिजावर ठेवा. गाडी लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. आलेपाक मात्र सगळ्यांच्या खिशात असू द्या.

पोर्ट ब्लेअरची पहिली संध्याकाळ सेल्युलर जेलसाठी ठेवा. नाशिकच्या माणसाने हे टाळू नये असं मला मनापासून वाटतं. भगूरचे विनायक सावरकर इथे १९११ ते १९२१ होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच होते, आणि ते इथे का आले त्याचे धागे आपल्याच शहरातल्या अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेच्या वाड्यांपर्यंत आणि डिसेंबर १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर झाडल्या गेलेल्या गोळीपर्यंत जातात. जेलच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. जिने चढणं आहे, ज्यांना जमत नाही त्यांना आवारातल्या पिंपळापाशी बसवा. आमचा मुलगा तिथे पहिल्यांदा गप्प झाला, आणि मग बोटीत बसेपर्यंत प्रश्न विचारत राहिला.

खोली कुठे घ्यायची

तीन पर्याय आहेत. नील केंद्र आणि भरतपूर जेटीच्या जवळ, बाजार पायाखाली, औषधाचं दुकान आणि जेवण हाताशी. लक्ष्मणपूर दोनेक किलोमीटरवर, शांत, सूर्यास्ताच्या बाजूला. सीतापूर सगळ्यात लांब, जेटीपासून पाचेक किलोमीटर, सूर्योदयाचं. जोडप्याने जायचं असेल तर सीतापूर किंवा लक्ष्मणपूर खुशाल घ्या. बरोबर ज्येष्ठ किंवा मूल असेल तर माझं मत भरतपूर-नील केंद्राच्या पट्ट्याला, कारण दुपारी दोन वाजता ताप मोजायला थर्मामीटर लागला तर रिक्षा शोधत बसावं लागत नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न: खोली तळमजल्यावर आहे का? बाथरूम पाश्चात्त्य पद्धतीचं आहे का? वीज गेल्यावर जनरेटर किती वेळ चालतो? मच्छरदाणी आहे का? जेवण तिथेच मिळतं का, आणि दारात बसायला ओटा किंवा व्हरांडा आहे का? शेवटच्या प्रश्नावर मी अडून बसेन. पाच दिवसांतला निम्मा वेळ त्या व्हरांड्यात जातो. आणि पाच रात्रींचा एकत्र दर मागा; एका रात्रीच्या दराने पाच रात्रींचे पैसे कुणी देत नाही, तुम्हीही देऊ नका.

सामान

एक बॅग माणशी. सुती कपडे, लांब बाह्यांचा पाण्यातला टी-शर्ट, टोपी, आणि मागे पट्टा असलेले रबरी बूट. साध्या स्लिपरने खडकावर पाय घसरतो. टॉर्च, पाण्याची भरून घेता येणारी बाटली, नेहमीची औषधं दहा दिवसांची. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठ्या तपासण्यांना पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहून काढून न्या. फोनची रेंज येते-जाते, तेव्हा तिकिटं, ओळखपत्रं कागदावर छापून ठेवा.

संध्याकाळी वाळूवर बारीक माश्या चावतात. दिसत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी घोट्यांवर पुरळ उठतं. खोबरेल तेलाचा जाड हात घोट्यांपासून गुडघ्यापर्यंत फिरवून निघायचं, आणि सरळ वाळूवर न बसता चटई टाकायची.

खाण्याचं म्हणाल तर तिथे भात, डाळ, मासळी आणि भाजी बंगाली हाताची. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी जाणवतो, तिसऱ्या दिवशी आवडायला लागतो. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. ताजी भाजी तिथलीच असते, पपई आणि केळीही. तरी मेतकूट, लिंबाचं लोणचं, थोडा नाशिकचा चिवडा आणि घरचे बेदाणे बरोबर असू द्या. आमच्या बेदाण्यांची एक पिशवी मालकीणबाईंना दिली. दुसऱ्या दिवशी त्या पायेशमध्ये, म्हणजे बंगाली खिरीत, घालून वाटी घेऊन आल्या. बेटावर हिंदी सगळ्यांना येतं. पुरुषांना 'दादा', बायकांना 'दीदी', वयस्कर बाईंना 'मासी' म्हटलं की बोलणं सोपं होतं.

घड्याळ बदला

नील आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की घड्याळ तेच असलं तरी दिवस निराळा असतो. डिसेंबरअखेर नाशिकला सूर्य सातच्या पुढे उगवतो, नीलला साडेपाचच्या सुमारास. संध्याकाळी आपल्याकडे सहाला मावळतो, तिथे पाचच्या आसपासच. मार्चमध्ये सूर्यास्त साडेपाचच्या जवळ जातो. आमचा पहिल्या वेळचा सूर्यास्त चुकला तो यामुळेच.

म्हणून पहिल्या दिवसापासून असं करा: पहाटे पाचला उठा, सकाळी सहा ते नऊ बाहेर, दहा ते तीन सावलीत, साडेतीनला चहा, चारला किनाऱ्यावर, सातला जेवण, साडेआठला झोप. नाशिकला रात्री अकराशिवाय न झोपणारा माझा नवरा तिसऱ्या रात्री आठला घोरत होता.

पाच दिवस कसे घालवायचे

पहिल्या दिवशी काहीही बघायचं नाही. सामान लावा, कपडे खुंटीला टांगा, बॅगा पलंगाखाली सरकवा. चारला जवळच्या किनाऱ्यावर जाऊन बसा आणि अंधार पडल्यावर परत या. पॅकेजची सवय असलेल्याला हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटेल. तो जाऊ द्या, पुढचे सगळे दिवस त्यावरच उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी सायकली भाड्याने घ्या. रस्ते सपाट आहेत, गाड्या थोड्या. ज्यांना सायकल जमत नाही त्यांच्यासाठी रिक्षा अर्ध्या दिवसाची ठरवा, पण निघायच्या आधी कुठे थांबणार आणि किती पैसे, हे बोलून घ्या. बाजारातून सुरू करून आतल्या शेतांमधून फिरा. सासूबाई एका भेंडीच्या वाफ्यापाशी उतरल्या आणि तिथल्या आजींशी अर्धा तास बोलत होत्या. एक मराठीत, एक बंगालीत. रोप किती दिवसांचं, फवारणी काय, पोरं कुठे शिकतात, सगळं विचारून झालं.

तिसरा दिवस भरतपूरच्या पाण्याचा, सकाळी, भरती पुरेशी असताना. किनाऱ्यालगत पाणी उथळ आहे, म्हणून पोहता न येणाऱ्यांनाही जमतं. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट असते. सासूबाई त्यात बसल्या, आणि निळे-पिवळे मासे काचेखालून गेले तेव्हा नकळत हात जोडून बसल्या. ज्यांना उतरायचं आहे त्यांनी परवाना असलेल्या माणसाबरोबरच उतरा, लाइफ जॅकेट काढू नका, आणि मास्क तोंडावर बसतो का हे आधी कमरेएवढ्या पाण्यात बघा. तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात. गाइड घाई करत असेल तर स्पष्ट सांगा की थांबा.

प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते जिवंत प्राण्यांची वसाहत असतात. पाण्याचं तापमान वाढलं की त्यांच्या आत राहणारी सूक्ष्म शेवाळं निघून जातात आणि ते पांढरे पडतात. २०१० मध्ये अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. काही भाग अजून राखेच्या रंगाचे दिसतात, काही ठिकाणी नवी वाढ आहे. त्यावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. सनस्क्रीनमधली काही रसायनं त्यांना घातक असतात, म्हणून मलम थापण्याऐवजी लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला. मुलांना हे पाण्यात उतरायच्या आधीच सांगून ठेवा.

चौथा दिवस मोकळा ठेवा. पुस्तक, झोप, नारळपाणी, पत्ते. इतकं वाटलंच तर पहाटे सीतापूरला सूर्योदय. पाचला रिक्षा दारात हवी, तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. सीतापूरच्या लाटांना ओढ असते, तिथे पाण्यात खोल जाऊ नका, वाळूवर चालत राहा.

पाचव्या दिवशी, उधाण चढत असताना, लक्ष्मणपूरची कमान. स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात, बंगाली माणसाला शोभेलसं नाव. ऐन ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं, म्हणजे पाणी उतरत असताना चालता येतं आणि ते परत चढायच्या आत बाहेर पडता येतं. वाट शेवाळी खडकांवरून आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्या वाळूपाशीच थांबावं. सासूबाई तिथे झाडाच्या मुळावर बसल्या आणि आम्ही परत येईपर्यंत त्यांचा जप झाला. आत मात्र गाइड घ्याच. एकट्याने गेलात तर कमान दिसते, फोटो निघतो आणि संपलं. गाइडने आम्हाला एका हातभर डबक्यात समुद्रकाकडी दाखवली, समुद्रफुलाच्या झुबक्यात लपलेला नारिंगी मासा दाखवला, आणि खडकाच्या रंगाचा छोटा ऑक्टोपस, जो त्याने बोट दाखवूनही मला तीन मिनिटं दिसला नव्हता. एका डबक्यापाशी वीस मिनिटं बसा. पाणी स्थिर झालं की प्राणी हळूहळू बाहेर येतात.

त्याच संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या पांढऱ्या वाळूवर सूर्यास्त बघून घ्या, साडेचारपासून जागा धरून. किनाऱ्याला केवड्याची बनं आहेत, त्यांच्या आडोशाला वारा कमी लागतो.

ओहोटीची वेळ जुळत नसेल तर तिसरा आणि पाचवा दिवस अदलाबदल करा. चौथा मात्र कुणाला देऊ नका. तो मोकळा दिवस खायला टपलेल्या सूचना हॉटेलवाल्याकडून, शेजारच्या खोलीतून, सगळीकडून येतील. हॅवलॉक करून या, अमुक पॉइंट राहिला, असं म्हणतील. मान डोलवा आणि व्हरांड्यात बसून राहा.

पाण्यापाशी सांभाळायचं

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे इशाऱ्याचा फलक असेल, किंवा गावकरी नको म्हणतील, तिथे पाय भिजवायलाही उतरू नका. सूर्यास्तानंतर पाण्यात जायचं नाही. ओहोटीच्या वाळूवर मुलं लांब जातात आणि भरती मागून येते, तेव्हा एका मोठ्या माणसाची नजर सतत मुलांवर, आणि तो माणूस कोण हे आधी ठरलेलं. प्लास्टिकचा कचरा पिशवीत भरून पोर्ट ब्लेअरला आणा. एवढ्याशा बेटावर टाकायला जागा नाही.

निघायचा दिवस

दुपारची बोट घ्या, म्हणजे सकाळ नीलचीच राहते. बोटीच्या तासभर आधी जेटीवर असा. हवा बिघडल्याची बातमी आदल्या रात्रीच मालकाला कळते, तेव्हा त्याला विचारून झोपा, आणि सकाळची बोट आधी सुटते असं तो म्हणाला तर तिचं तिकीट मिळतं का बघा.

शिंपले, शंख, वाळू, प्रवाळाचा तुटका तुकडा, यातलं काही उचलून आणायचं नाही. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. शंखाची वस्तू हवीच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या 'सागरिका' या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती हातबॅगेत ठेवा. विमानतळाला निघायच्या आधी खोलीतच मुलांचे खिसे उलटे करून बघा. आमच्या मुलाच्या पॅन्टच्या आतल्या खिशात दोन तुकडे निघाले. त्याने रडतच ते जवळच्या किनाऱ्यावर नेऊन पाण्यात सोडले, आणि आम्ही रिक्षा तोवर थांबवून ठेवली.